शोक आणि धसका

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना म्हणून पाळला जातो. २ नोव्हेंबर रोजी आपण कबरस्थानात जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. त्या दिवशीच्या प्रवचनात मृतांविषयी पुष्कळ बोलले जाते. कबरीपाशी उभ्या असलेल्या जिवंतांविषयी त्या मानाने फारच कमी. त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनात गेलेल्या माणसाच्या दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट घर करून बसलेली असते. उरलेल्यांपैकी आता कोण जाणार, हा तो विचार होय.

या अवस्थेला मराठीत अत्यंत नेमका शब्द आहे : धसका. भीती समोरच्या संकटाची असते, काळजी उद्याची असते. धसका मात्र होऊन गेलेल्या गोष्टीचा असतो आणि तरीही तो माणसाला पुढेच पाहावयास लावतो. 'मुलगा गेल्यापासून तिने धसका घेतला' असे आपण सहज म्हणतो आणि विषय तेथेच सोडून देतो. प्रस्तुत लेखात आम्ही तो तेथे न सोडता थोडा पुढे नेणार आहोत. धसका म्हणजे काय, तो शोकापासून वेगळा कसा ओळखावा, त्याचे आजारात रूपांतर केव्हा होते आणि त्यावर कोणते उपाय आहेत, हे पाहताना आम्ही अमरावती धर्मप्रांताच्या कक्षेत येणारा यवतमाळ जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याचे कारण दुर्दैवाने सर्वांना ठाऊक आहे.

यवतमाळचा अनुभव

सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, आणि बहुतांश शेती आभाळावर अवलंबून. याच जिल्ह्यातील महागाव तालुक्यात चिलगव्हाण हे गाव आहे. तेथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी मालती व चार मुलांसह वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ आपली जीवनयात्रा संपविली. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्च रोजी त्यांच्या स्मरणार्थ राज्यात ठिकठिकाणी एक दिवस अन्नत्याग केला जातो. शेतकरी आत्महत्यांची सलग शासकीय नोंद २००१ पासूनची आहे आणि त्या नोंदीत यवतमाळचे नाव वर्षानुवर्षे राज्यात अगदी वरच्या जिल्ह्यांत राहिले आहे. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला व यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. हे लोक मरावयास गेले नव्हते, कामावर गेले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचे नाव २००८ साली संसदेत घेतले गेले आणि देशभर झाले. त्यांच्या पतीने २००५ साली आत्महत्या केली होती. नाव देशभर झाल्यानंतरच्या तीन-चार वर्षांत त्यांचा जावई आणि पाठोपाठ एक मुलगीही गेली. अशा जिल्ह्यात एखादी स्त्री 'आता कोणाची पाळी?' असे विचारते, तेव्हा 'उगाच नको ते मनात आणू नकोस' असे तिला सांगणे म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत घडलेले नाकारणे होय. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. परंतु ज्याचे तोंड पोळले आहे त्याला हसू येत नाही.

हा धसका तिथी-वाराचा आहे, हेही नमूद केले पाहिजे. मृगाचा पाऊस लांबला आणि दुबार पेरणीची वेळ आली की तो वाढतो. पोळ्याच्या सुमारास, फवारणीच्या दिवसांत, कापूस घरात येऊन भाव पडतो तेव्हा आणि मार्चअखेर बँकेचा तगादा सुरू होतो तेव्हा तो पुन्हा डोके वर काढतो. दिवेलागण झाली आणि घरधनी शेतातून परतला नाही, फोन लागत नाही, की बाईचा जीव टांगणीला लागतो. घरातील त्या बाटलीला खेड्यात 'औषध' म्हणतात, आणि तिच्यावर डोळा ठेवून स्वयंपाक करणाऱ्या किती बायका आपल्या आसपास असतील याचा अंदाज करणेही अवघड आहे.

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूर गावच्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्यांच्या पतीने २०११ साली आत्महत्या केली होती. पदरी दोन मुले, अंगणवाडीतील काम आणि शेती यांच्या बळावर त्या उभ्या राहिल्या होत्या. 'तेरवं' या नाटकात त्यांच्यासारख्याच शोकग्रस्त स्त्रियांनी स्वतःची कहाणी स्वतः रंगमंचावर सांगितली. त्यांत त्याही होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेले व हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तेराव्या दिवसानंतर घरात उरणारी शांतता काय असते हे वेगळे सांगावयास नको. उद्घाटनाच्या भाषणात वैशालीताईंनी केलेले एक विधान आमच्या लक्षात राहिले आहे. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे तर गल्लीतली बाईच कामी येते, असा त्याचा आशय होता. त्या वेळी त्याची चर्चा निमंत्रणाच्या वादासंदर्भात झाली. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील गल्ली महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

शोक कसा चालतो

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते : नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ही मांडणी केली ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी; मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटविण्यात आली. ती वाचून 'माझी अजून तिसरीच पायरी चालू आहे' म्हणून स्वतःला दोष देणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. शोक जिन्यासारखा चढता येत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली जे सांगितले ते आपल्या अनुभवाशी अधिक जुळते. शोकग्रस्त माणूस दोन टोकांमध्ये येरझारा घालतो : कधी तो गेलेल्या माणसात बुडतो, तर कधी गोठ्यातल्या गाईला चारा, पोरांची फी, सातबारा यांत गुंततो. दोन्ही आवश्यक आहेत. पंधराव्या दिवशी शेतात जाणारी स्त्री निष्ठुर नसते आणि वर्षानंतर सणाच्या दिवशी रडणारी दुबळी नसते.

बहुतेकांचा शोक काळाने बोथट होतो. काहींचा होत नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र तळमळ तशीच राहिली आणि रोजचे जगणे अशक्य झाले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हटले आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या निकषांत प्रौढांसाठी हीच मुदत एक वर्षाची आहे. आत्महत्येमागून येणारा शोक अशा रीतीने लांबण्याची शक्यता अधिक, कारण त्यात 'मी त्या दिवशी घरी असते तर' हा काटा असतो, लोकांची कुजबुज असते आणि विदर्भात त्यात आणखी एका कागदाची भर पडते. शासकीय मदतीसाठी मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरविते. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणाचे होते, यावर ते ठरते. माणूस गेला तो गेलाच, वर त्याचे मरणही अपात्र ठरले, हे ऐकण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये.

मंत्रचळ

आता मुख्य मुद्दा. धसका साधा असेल तर त्याला कारण लागते : फोन लागला नाही म्हणून भीती वाटली, फोन लागला, भीती गेली. काहींच्या बाबतीत मात्र फोन लागतो, आवाज ऐकू येतो, पाच मिनिटे बरी जातात आणि पुन्हा वाटते, 'आवाज नेहमीसारखा नव्हता.' मग दुसरा फोन. रात्री मूल झोपले की त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास पाहणे, तासाभराने पुन्हा उठून पाहणे. एस.टी. सुटताना अमुक शब्द उच्चारला नाही तर अपघात होईल, म्हणून तो मनात सात वेळा म्हणणे. मोजण्यात चूक झाली तर पहिल्यापासून. नको असलेला विचार आपण होऊन मनात घुसतो, त्याने जीव घाबरा होतो, तो शमविण्यासाठी माणूस एखादी कृती करतो, क्षणभर बरे वाटते आणि त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच ती कृती पुढच्या वेळी अटळ होऊन बसते. आपले लोक याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात.

मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपल्याकडे म्हणतात ते या बाबतीत अक्षरशः खरे आहे. ज्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम, त्याच्याच तिरडीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. 'असे माझ्या मनात आलेच कसे?' म्हणून ती आई स्वतःला पापी समजते. मनात येणे आणि मनापासून इच्छिणे यांत अंतर आहे. अशी चित्रे निरोगी माणसांच्याही मनात येतात आणि निघून जातात. त्यांच्याशी झुंजत बसले की ती मुक्काम ठोकतात.

ख्रिस्तसभेला ही व्याधी नवी नाही. विवेकबुद्धीच्या अतिरेकी खाचखळग्यांत अडकलेल्या आत्म्यांविषयी आध्यात्मिक मार्गदर्शकांनी शतकानुशतके लिहिले आहे. संत इग्नेशियस लोयोला १५२२-२३ मध्ये मनरेसा येथे असताना जुनी पापे पुन्हा पुन्हा निवेदन करीत राहिले. प्रत्येक वेळी काही राहून गेल्यासारखे वाटे. हा छळ इतका वाढला की जीव देण्याचा मोहही त्यांना झाला. 'अगदी स्पष्ट आठवत असेल तेवढेच सांग' असे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी बजावले. परंतु त्यांना सारेच स्पष्ट आठवत असल्याने त्याचाही उपयोग झाला नाही. अखेर जुनी पापे यापुढे निवेदन करावयाचीच नाहीत, असा त्यांनी निश्चय केला आणि ते सुटले. कृती थांबल्यावर भीती ओसरली, आधी नव्हे. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. आजचे मानसोपचारतज्ज्ञ या आजारावर हेच शिकवितात : भीती येऊ द्यावी, ठरलेली कृती करू नये, थांबावे. भीती चढते, टोकाला जाते आणि आपोआप उतरते. हे एका दिवसात होत नाही. तज्ज्ञाच्या सोबतीने, सोप्या प्रसंगापासून अवघड प्रसंगाकडे, थोडे थोडे करून होते.

लिझ्यूची संत तेरेझा आपल्या घराघरांत आहे. गुलाबाच्या फुलांसह तिचे चित्र आपण लावतो. तिचे बालपण मात्र फारसे कोणी सांगत नाही. आईवडिलांना झालेल्या नऊ मुलांपैकी चार बालपणीच वारली होती. तेरेझा चार वर्षांची असताना, १८७७ साली, आई गेली. थोरल्या बहिणींपैकी पोलिन हिला तिने आई मानले. १८८२ साली पोलिन कार्मेल मठात गेली. पुढच्याच वर्षी तेरेझा अशी आजारी पडली की डॉक्टरांना निदान होईना. त्यातून ती उठली, परंतु बाराव्या वर्षी तिला विवेकशंकांनी ग्रासले. मनात आलेला प्रत्येक विचार ती दुसरी बहीण मरी हिला रोज सांगे आणि तिच्याकडून खात्री करून घेई. १८८६ साली मरीही मठात गेली आणि खात्री देणारे कोणी उरले नाही. तेव्हा या मुलीने आपल्या चार मृत भावंडांकडे धाव घेतली आणि तिला शांती लाभली, असे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. एकामागून एक माणूस दुरावत गेल्यावर मुलाचे काय होते हे जाणण्यासाठी परदेशी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. आपल्या वेदीवरची ही संत पुरेशी आहे. जाता जाता हेही सांगावयास हवे की तिचे वडील लुई मार्टिन यांना वृद्धापकाळी मानसिक आजारामुळे तीन वर्षे मनोरुग्णालयात राहावे लागले होते. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ते व त्यांच्या पत्नी संत म्हणून घोषित झाले. 'वेड्याच्या डॉक्टराकडे' जाण्याची लाज वाटणाऱ्या कुटुंबांना आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो.

प्रार्थनेविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण हा आजार आपल्या लोकांत बहुधा प्रार्थनेचाच वेष घेऊन येतो. जपमाळेतील एक 'नमो मरिया' लक्ष न देता म्हटली म्हणून मुलाला काही होईल, अशा भीतीने संपूर्ण जपमाळ पुन्हा म्हणणे ही भक्ती नव्हे. एकच पाप तीन धर्मगुरूंपाशी निवेदन करणे हाही पश्चात्ताप नव्हे. प्रार्थना संपल्यावर माणूस उठून कामाला लागतो; मंत्रचळ संपतच नाही. अशा व्यक्तीने एकच पापनिवेदन-गुरू निवडावा, त्याने सांगितलेले एकदा ऐकावे आणि चुकलेली जपमाळ चुकलेलीच प्रभूच्या हाती द्यावी. आम्हा धर्मगुरूंनीही 'आणखी प्रार्थना करा' हे सरसकट औषध अशा वेळी देऊ नये. आपल्यापैकी अनेकांनी ते दिले आहे, प्रस्तुत लेखकानेही.

घरात काय करावे

एकदा करावयाची गोष्ट आणि पुन्हा पुन्हा करावयाची तपासणी यांत भेद करावा. कीटकनाशकाचेच उदाहरण घेऊ. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली गेली, तेव्हा तेथील आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. त्याच देशात घरोघरी कुलूपबंद पेट्या देऊन पाहिल्या, त्यांचा तसा उपयोग झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले नाही. म्हणजे बाटली घरात ठेवून तिच्यावर पहारा करण्यापेक्षा ती घरात न आणणे श्रेयस्कर. लागेल तेवढेच आणावे, उरलेले घरात साठवू नये. हे एकदा ठरविले की रात्री उठून कपाट पाहण्याचे कारण राहत नाही.

फोनचेही तसेच. सायंकाळी पाच वाजता एक फोन, असे नवरा-बायकोने ठरवावे आणि तो झाल्यावर दुसरा करू नये. 'मी ठीक आहे ना, मग का विचारतेस?' असे ओरडूही नये आणि दहा वेळा 'ठीक आहे, ठीक आहे' असे म्हणतही बसू नये. 'तुला भीती वाटते आहे हे मला कळते; आपण ठरवले आहे ना, पाचला बोलू' एवढे पुरे. आरंभी हे कठोर वाटेल. परंतु जितकी खात्री द्याल तितकी अधिक मागितली जाईल, हे तेरेझाच्या बहिणीच्या उदाहरणावरून दिसतेच.

याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. घरातील माणूस खरोखरच 'माझे ओझे झाले आहे', 'माझ्यामागे पोरांना सांभाळा' असे बोलू लागला, झोप-जेवण तुटले, दारू वाढली, जुनी देणीघेणी अचानक मिटवू लागला, तर तो मंत्रचळ समजून दुर्लक्ष करू नये. त्याच्यापाशी बसून सरळ विचारावे, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. कायद्याची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचे कलम ३०९ उरलेले नाही.

मुलांशी खरे बोलावे. 'बाबा गावाला गेले' म्हटले की मूल प्रत्येक गावाला जाणाऱ्याला घाबरते. 'झोपले' म्हटले की झोपेला घाबरते. 'चांगली माणसे देवाला आवडतात म्हणून त्याने नेले' म्हटले की देवालाच घाबरते, आणि हे शेवटचे आपल्याच तोंडी अधिक असते. 'बाबा वारले. ते मनाने फार आजारी होते. तुझ्यामुळे नाही. मी आहे, आजी आहे,' एवढे चार वाक्यांत सांगता येते. मूल तेच पुन्हा पुन्हा विचारील. काही दिवस तेच उत्तर न कंटाळता द्यावे.

औषधोपचारांविषयी गैरसमज फार आहेत. या आजारावरील गोळ्या गुंगीच्या नसतात आणि योग्य देखरेखीखाली घेतल्यास त्यांचे व्यसन लागत नाही. परिणाम दिसावयास मात्र आठ ते बारा आठवडे लागू शकतात. दोन आठवड्यांत 'फरक नाही' म्हणून त्या सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 'टेली मानस' ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन अशा कुटुंबांची चौकशी करावी अशी योजना होती.

गल्ली

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा एक उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी खिन्नतेने ग्रासलेल्या शेजाऱ्यांशी बोलावे, गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत न्यावे, असे त्याचे स्वरूप होते. खिन्नतेच्या रुग्णांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणारे आरंभी शंभरात जेमतेम चार होते. दीड वर्षाने ते सत्तावीस झाले, असे २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाढली ती दाराशी येणारी माणसे.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्दही बोलला नाही. तेथपर्यंत त्यांनी सारे योग्य केले. तोंड उघडून कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले. बेथानीला लाजरसाच्या कबरीपाशी प्रभू येशू रडला, आणि आपण काय करणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. आम्ही मात्र मयताच्या घरी 'देवाची इच्छा' एवढे म्हणून चपला शोधू लागतो.

आत्महत्या झालेल्या कुटुंबात आणखी एक भीती असते आणि ती आमच्याशिवाय दुसरे कोणी दूर करू शकत नाही : 'त्याच्या आत्म्याचे काय?' १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. गावोगावीच्या आजींना ती अजून आठवते. १९८३ च्या कायद्यात ती राहिलेली नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्या गंभीर अपराध मानूनही, मानसिक व्याधी, तीव्र वेदना किंवा भय यांमुळे त्या व्यक्तीची जबाबदारी कमी होते असे सांगितले आहे आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे शिकविले आहे. त्यांच्यासाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते. हे अंत्यविधीच्या वेळीच, वेदीवरून, मोठ्याने सांगितले पाहिजे. नंतर कानात सांगितलेले घरच्यांपर्यंत पोहोचते, गावापर्यंत पोहोचत नाही.

राहिला प्रश्न भेटींचा. यवतमाळ जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. धर्मगुरू व धर्मभगिनींना अंतरे मोठी पडतात. म्हणून भेटी केव्हा द्यावयाच्या हे आधी ठरलेले बरे. पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरलेले असते, तेव्हा आपण नसलो तरी चालते. तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही, तेव्हा जावे. पेरणीच्या आठवड्यात, पोळ्याला, नाताळच्या आदल्या दिवशी आणि वर्षश्राद्धाला जावे. जाताना शेजारची एखादी बाई बरोबर घ्यावी, मग ती आपल्या धर्माची असो वा नसो, कारण आपण निघून आल्यावर तीच तेथे राहणार आहे. वारसाची नोंद, निराधार वेतन, मुलांच्या शाळेचा दाखला यांपैकी काय अडले आहे ते विचारावे. रात्रीच्या कित्येक भीतींचे मूळ तलाठ्याच्या कार्यालयात असते. प्रत्येक धर्मग्रामात मृत्यूंची नोंदवही असतेच. तिच्यातील गेल्या दोन वर्षांची पाने उघडून या तारखा पुढील वर्षाच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवण्यास एक दुपार पुरते.